नवी नाव पाणी पिते

चारठाणा, ता. जिंतूर
मृग लागायला आठ दिवस

चि. बाळास,


फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि मग आईच्या गुडघ्यांचा विषय काढतोस. म्हणून पत्र लिहितो. पत्राला मधेच तोडता येत नाही.

परवा जिंतूरच्या बाजारात आपल्या पलीकडच्या वस्तीवरचा मासळीवाला भेटला. पाटीत चार वाम घेऊन बसला होता. घरची खुशाली विचारली तर म्हणाला, ‘पुतण्यानं फायबरची नवी नाव आणली की! पण एक जण वल्हवतो अन् एक जण डब्यानं पाणी उपसतो, असं दिसतंय.’ तो सहज बोलून गेला. मला तिथंच घाम फुटला. वल्हवणारा तू. उपसणारा कोण, हे मी विचारलंच नाही. धाकट्या भावाशिवाय तू कुणाला नेणार?

घरी येऊन जेवलो नाही. तुझ्या काकूनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

पाण्याहूनही एक गोष्ट मला जास्त लागली. तू लोकांना सांगतोस म्हणे, ‘नवी नाव थोडं पाणी पितेच, आमचे काका सांगायचे.’ बाळा, ते वाक्य माझंच आहे, पण मी ते लाकडाच्या नावेबद्दल सांगितलं होतं. लाकूड वाळलेलं असतं, फळ्यांच्या सांध्यात केसभर फट राहते. पाण्यात पडली की फळी फुगते आणि फट आपली आपण मिटते. तुझे आजोबा नवी नाव दोन-तीन दिवस काठाच्या उथळ पाण्यात बुडवूनच ठेवायचे, आठवतं? फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि तिच्यात मुरवलेलं रेझिन, थरावर थर. ते फुगत नाही, मिटत नाही. त्यात भेग राहिली असेल तर पाणी थरांच्या मधे शिरतं आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात. आज एक डबा उपसतोस, पंधरा दिवसांनी तीन उपसशील. लाकडाची नाव दिवसागणिक सुधारते, फायबरची बिघडत जाते. हे अर्धं मी तुला कधी सांगितलंच नाही, कारण माझ्या काळी फायबर नव्हतं. तुझ्या मनातला धीर माझ्या अर्ध्या बोलण्यातून आला असेल, तर ते पाप माझं.

म्हणून आधी एवढंच ऐक. ती नाव पाण्याबाहेर काढ. आज काढ. धाकट्याला तर तिच्यात पायही ठेवू देऊ नकोस.

आता मला तुझा राग आला आहे, तो लिहितो. नाव घेताना तू ती उलटी करून पाहिलीस का? तुझी आई साधा माठ घेताना बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवून घेते. बद्द आवाज आला की खाली ठेवते, मग कुंभार कितीही बोलो. आणि तू तिच्या पाटल्या गहाण टाकून नाव घेतलीस ती रंग बघून! निळा रंग चकचकीत होता, हेच तू मला तीन वेळा सांगितलंस. तळाची जाडी किती, बैठकीखालच्या कप्प्यात काय आहे, मागच्या फळीचा सांधा कसा आहे, यातलं एकही सांगितलं नाहीस. विचारलं असतंस तर मी एसटीनं तुझ्याबरोबर आलो असतो. म्हाताऱ्याला कशाला तसदी, म्हणालास. ही तसदी आता जास्त नाही का?

बरं. झालं ते झालं. नाव बाहेर काढलीस की अंगणात दोन ओंडक्यांवर ठेव आणि दिवसभर उन्हात वाळू दे. मग विळ्याच्या लाकडी मुठीनं सगळा तळ हलक्या हातानं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर थर धरून आहेत. मधेच बद्द आवाज आला तर तिथं थर सुटलाय किंवा आत पोकळी राहिली आहे. तिथं खडूनं गोल कर. कुठं हाताला चिकट लागतं का पाहा, अजून औषधासारखा उग्र वास येतो का पाहा. तसं असेल तर रेझिन नीट वाळलेलंच नाही, मिसळताना प्रमाण चुकलं आहे. मग तळाखाली वाळूची पोती लाव आणि आतून चार बोटं पाणी भर. पोती विसरू नकोस, एवढंसं पाणीही तीनशे किलोच्या घरात जातं, नाव मधोमध वाकेल. बाहेरून कोरड्या तळाला ओल कुठं फुटते ते बसून पाहा. घाई करू नकोस, तास लागला तर लागू दे. जिथं पहिला थेंब धरेल तिथं खूण कर, मोबाइलवर फोटो काढ.

आणि बैठकीखालचा तो बंद कप्पा. मासळीवाला म्हणाला, नाव ओढताना त्यातून डुचमळ ऐकू येते. त्या रात्री मी याच एका गोष्टीनं जागा होतो. त्या कप्प्यात फोम असतो किंवा निदान बंद हवा असते. नाव पुरती भरली तरी ती तळाला जाऊ नये, माणसाला धरायला काही उरावं, यासाठी तो कप्पा असतो. त्यात पाणी डुचमळतंय म्हणजे ज्याच्यावर शेवटी भरवसा, तीच जागा भरून बसली आहे. येलदरीचं पाणी म्हणजे गावतळं नाही. पूर्णा अडवली, १९६८ साली धरण उभं राहिलं, तेव्हापासून ते पाणी आपण पाहतोय. दिवसा आरशासारखं असतं आणि मृगाच्या आधीचा वारा सुटला की समुद्रासारखं उसळतं. या दिवसांत पाणी उतरलेलं, जुन्या झाडांचे खुंट वीतभर खाली. पातळ तळाला एक खुंट पुरे. बाळा, नको नेऊस ती पाण्यात.

भोकात लांबी भरून वरून डांबर लावू नकोस. ओल्या जागेवर काही धरत नाही, आणि दोष झाकला की उद्या विकणारा म्हणेल, ‘नाव तुम्हीच खराब केली.’ दुरुस्ती व्हायची ती त्यानं करावी. खराब भाग घासून काढायचा, पूर्ण वाळवायचा, आतून-बाहेरून नवी चटई आणि रेझिन बसवायचं. तळ सगळीकडेच बद्द वाजत असेल तर दुरुस्ती घेऊच नकोस, नाव बदलून माग किंवा पैसे माग.

तुला त्याला सांगायचा संकोच वाटतो, हे मला कळतं. पोचपावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ लिहिलेलं होतं आणि तू सही केलीस, म्हणून आता तोंड नाही, असं तुला वाटतंय. मी काल मुद्दाम जिंतूरला जाऊन ओळखीच्या वकिलाला विचारून आलो. वरवर पाहून कळणार नाही असा दोष त्या सहीनं झाकला जात नाही. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यापासून हे चालत आलंय. फक्त गप्प बसून नाव वापरत राहू नकोस. गप्प बसला म्हणजे माल पसंत पडला, असा अर्थ निघतो. एक पत्र लिही. बिलाचा नंबर, तारीख, पाणी कुठून येतं, तासाला किती डबे, काय हवं आणि किती दिवसांत हवं. पोचपावतीनं पाठव, नक्कल ठेव. बिल आईच्या नावावर आहे, तेव्हा सही तिची घे. मत्स्य संपदा योजनेत बाईमाणसाला ४० च्या जागी ६० टक्के अनुदान म्हणून आपण अर्ज तिच्या नावानं केला, ते बरंच झालं. तक्रार केली तर अनुदान अडेल, ही भीती तुझ्या डोक्यात कुणी घातली? सरकार पैसा देतं तो मासे धरणाऱ्या नावेसाठी. मत्स्य व्यवसायाच्या कार्यालयातही एक अर्ज देऊन ठेव.

त्यानं ऐकलं नाही तर परभणीला ग्राहक आयोग आहे. पाच लाखांच्या आतल्या मालाला तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. कुणी म्हणेल, नाव धंद्यासाठी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत. वकिलानं ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. ऐकून मला फार बरं वाटलं. १९१५ या नंबरवर फोन केला तरी सांगतात सगळं.

आता एक गोष्ट सांगतो. तुझ्या वडिलांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या हयातीत मी ती बोललो नाही, ते असताना बोलायला हवी होती.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडून पैसे जमवले आणि दोन वर्षांनी स्वतःची पहिली नाव घेतली. सागवानी म्हणून घेतली. घरी आणल्यावर एक खिळा ठोकला तर भुसा पडला. मधल्या दोन फळ्या हलक्या लाकडाच्या, वरून तेलाचा हात देऊन रंग सारखा केलेला. मला फसवलंय, हे पहिल्याच दिवशी कळलं. पण सगळ्या गावासमोर नारळ फोडून आणली होती. आता कुणाला सांगू? रात्री चिंध्या आणि डांबर भरलं आणि सकाळी सगळ्यांना म्हणालो, नवी नाव थोडं पाणी पितेच.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडी आहे. तू माझ्याकडून तेच उचललंस.

महिनाभरानं दादाला, म्हणजे तुझ्या वडिलांना, घेऊन जाळी टाकायला गेलो. वारा सुटला. एका लाटेनं मधली फळी पायाखालून गेली. दादाला पोहायला माझ्यापेक्षा कमी येत होतं. वल्हं त्यानं माझ्याकडे ढकललं आणि स्वतः उलट्या नावेची कड धरून राहिला. दुसरी नाव येईपर्यंत किती वेळ गेला ठाऊक नाही, मला तो रात्रभर वाटतो. आजोबांची सगळी जाळी गेली. घरी आल्यावर दादानं सांगितलं, वाऱ्यानं उलटली. फळीबद्दल त्याला कळलं होतं, त्यानं हातात तिचा तुकडा आणला होता. पण मला त्यानं उभ्या जन्मात एक शब्द विचारला नाही. त्या साली आत्याचं लग्न पुढं ढकललं, ते जाळ्यांमुळे. तुम्हां पोरांना वाटतं पावसामुळे.

त्या दिवशी मला लाज वाटली नसती, तर दादा त्या पाण्यात उतरला नसता. आता त्याचीच दोन लेकरं त्याच पाण्यावर, तशाच नावेत. तूच सांग, मला झोप कशी यावी?

इथं संध्याकाळी मी गोकुळेश्वराच्या ओट्यावर बसतो. चुन्याशिवाय बसवलेले दगड, शेकडो पावसाळे गेले, सांधा तसाच. परवापासून मी ते सांधेच बघत बसतो. कुणीतरी बसवताना घाई केली नाही.

लई रागावलो का रे? मघाशी माठाचं लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. तू नाव घेतलीस याचा मला आनंदच आहे. मच्छीमार संस्थेच्या जुन्या डोंग्यात दुसऱ्याच्या पाळीची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःची हवी, हे तुझं बरोबर. फसवलं त्यानं, तुझ्या हातून झालं ते एवढंच की पाहिलं नाहीस. पाहायला शिकता येतं. तुझे वडीलही आधी रंगच बघायचे.

पाटल्यांची चिंता करू नकोस. माझ्या पोस्टातल्या ठेवीची मुदत दिवाळीआधी संपते, ती काढून सोडवू. वहिनीला आत्ता सांगू नकोस, ती नको म्हणेल. पैसे परत आले की मला दे, नाही आले तर देऊ नकोस.

शनिवारच्या सकाळच्या गाडीनं मी येतो. तोवर नाव अंगणात दिसली पाहिजे. आपण दोघं मिळून ठोकू, मला कानानं अजून ऐकू येतं. पत्रही तिथंच बसून लिहू, तुझं अक्षर चांगलं आहे. दोन लाइफ जॅकेट मी इकडून बघून आणतो, धाकट्याचं माप कळव.

पाडाचे आंबे उतरवलेत. पिशवीभर आणतो. त्यातले पिकलेले धाकट्यासाठी वेगळे काढून ठेव, त्याला आंबट चालत नाही.

तुझा,
काका