मेथी, कारले आणि आजीची गोळी

आमचे केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, असे गावातील वडीलधारी मंडळी सांगतात. गाडाभर अन्न फस्त करणारा बकासुर इथलाच! आमच्या आजीचे खाणे मात्र चिमणीएवढे. तरीही तिला मधुमेह जडला.

गेल्या वर्षी कुणीतरी सांगितले म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि कारल्याचा रस व चमचाभर मेथी सुरू केली. दीड महिन्यात तिला भोवळ येऊ लागली. सेवाग्रामला नेऊन तपासले, तेव्हा उपाशीपोटी साखर ३१० भरली. "आजी, मेथी खुशाल खा, पण गोळी सोडू नका," डॉक्टर म्हणाले. असे का, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्शुलिन तयार करते, परंतु शरीर त्याला नीट दाद देत नाही. रक्तात साखर दोन वाटांनी येते. पहिली वाट आतड्याची. भाकरी-भातातील पिष्टाची तेथे साखर होते. मेथीतील गॅलॅक्टोमॅनन हा विद्राव्य तंतू पाण्यात फुगतो व साखर सावकाश शोषली जाते. भिजवलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा तो हाच. दुसरी वाट यकृताची. रात्री आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडते. मधुमेहात ते गरजेपेक्षा अधिक सोडते. तेथे हा तंतू पोहोचत नाही. मेटफॉर्मिनची गोळी मात्र मुख्यतः तेथेच काम करते.

प्रमाणाचाही प्रश्न आहेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात रुग्णांना रोज २५ ग्रॅम मेथीपूड २४ आठवडे दिली, तेव्हा साखर उतरली. चहाच्या चमच्यात जेमतेम चार-पाच ग्रॅम मावते! कारल्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष तर एकसारखे नाहीत.

गंमत अशी की, मेटफॉर्मिनचे मूळही वनस्पतीतच आहे. गलेगा नावाच्या, मेथीच्याच शेंगाकुळातील झाडातील द्रव्यावरून या औषधाची दिशा सापडली. १९५७ साली फ्रेंच डॉक्टर जाँ स्तेर्न यांनी ते मधुमेहींवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. फरक एवढाच की, गोळीत मात्रा मोजलेली असते.

आता आजी दोनऐवजी एकच भाकरी खाते, कारण ज्वारीतही पिष्ट आहेच. सोबत घट्ट वरण, मेथीची भाजी आणि जेवणानंतर गोळी. मित्रहो, तुमच्या घरी कुणी गोळी सोडू पाहत असेल, तर त्यांच्या ताटातील मेथी काढू नका. फक्त आधी डॉक्टरांना विचारायला लावा.