ओढगाडीचे पाटे व शॉक अ‍ॅब्सॉर्बर

केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावांतून शेतमाल ट्रॅक्टर-ट्रॉलीने बाजारात जातो. ट्रॅक्टरच्या मागील आसाला सहसा पाटे नसतात. धक्के टायरच सोसतात. जीप वा पिकअपला ट्रॉली जोडताना मात्र पाट्यांचा विचार अगत्याचा ठरतो. हुकावर भार वाढला की मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर ताबा सुटण्याचा धोका संभवतो.

भार पेलणे हे पाट्यांचे कार्य. शॉक अ‍ॅब्सॉर्बर केवळ झोके शमवितो. म्हणून प्रथम माल ट्रॉलीच्या आसालगत, किंचित पुढे रचावा. मागे रचल्यास ट्रॉली डोलते. मग पाटे तपासावेत. तेल गळणारे शॉक जोडीने बदलावेत. जादा पाटा बसविल्याने टायर, ब्रेक वा नोंदणीतील भारमर्यादा वाढत नाही, हे प्रत्येक वाहनधारकाने ध्यानी ठेवावे.