कुलाब्याचे अफगाण चर्च



सप्टेंबरमध्ये आपल्याकडील बरीच कुटुंबे मोतमाउलीच्या यात्रेसाठी वांद्र्याला जातात. नवस फेडून, मेणबत्त्या लावून, समुद्र पाहून परततात. यंदा अर्धा दिवस जास्त काढता आला, तर कुलाब्यापर्यंत जा, असे आम्ही सुचवतो. तिथे नौदलाच्या वसाहतीजवळ एक उंच दगडी मनोरा दिसेल. ते संत योहान शुभवर्तमानकाराच्या नावाचे चर्च. मुंबईकर त्याला अफगाण चर्च म्हणतात. ते आपले कॅथलिक नव्हे. ते अँग्लिकनांनी बांधले आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. तरीही कॅथलिक माणूस आत गेला की त्याला परके वाटत नाही. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये १८३३ साली ऑक्सफर्डच्या काही अँग्लिकन धर्मगुरूंनी एक चळवळ सुरू केली. आपली मंडळी प्रेषितांपासून चालत आलेली आहे, तिला संस्कार आहेत, वेदी आहे, याची ते लोकांना आठवण करून देऊ लागले. याच चळवळीतले जॉन हेन्री न्यूमन १८४५ मध्ये कॅथलिक झाले, आणि २०१९ मध्ये संत म्हणून घोषित झाले. तिकडे केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८३९ साली एक मंडळ काढले. उपासना बदलायची तर इमारतही बदलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मध्ययुगातल्यासारखी टोकदार कमान हवी, वेदीचा भाग सभागृहापासून वेगळा व उंच हवा, सज्जे नकोत, आणि आत येणाऱ्याची नजर प्रथम वेदीवर जावी. ऑगस्टस प्युजिन हा कॅथलिक झालेला वास्तुविशारद तर याहून कडवा. टोकदार कमानीची, म्हणजे गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती शैली, असे तो म्हणे. न्यूमन यांना मात्र इटालियन पद्धतीची मंदिरे आवडत, आणि यावरून दोघांत चांगलाच मतभेद होता. एक संत आणि एक वास्तुविशारद कमानीवरून वाद घालतात, हे आम्हाला मोठे गमतीचे वाटते.

कुलाब्याचे चर्च याच विचाराचे भारतातले एक सुरुवातीचे फळ. पायाभरणी १८४७ साली झाली. आराखडा हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी देण्याची योजनाही त्याचीच. ७ जानेवारी १८५८ रोजी चर्चचा अभिषेक झाला. मनोऱ्याचे टोक पूर्ण व्हायला १८६५ उजाडले. त्याची उंची सुमारे १९८ फूट, म्हणून बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून उपयोगी पडे. रंगीत काचा विल्यम वेल्स याच्या कारखान्यातल्या. जमिनीवरच्या नक्षीदार फरश्या आणि वेदीपुढचा पडदा विल्यम बटरफील्ड याच्या रचनेचा.

टोकदार कमानीचे गुपित सोपे आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरलेली असते. टोकदार कमानीत रुंदी तीच ठेवून उंची वाढवता येते, आणि भिंतींना बाहेर ढकलणारा जोर कमी होतो. पण ही कमान युरोपची मक्तेदारी आहे असे समजू नका. आपल्या शहरातला भडकल दरवाजा १६१२ चा, मलिक अंबरचा. त्याच्या कमानी पाहा. बीबीच्या मकबऱ्यातही त्याच आहेत. वेरूळचे दहावे लेणे, ज्याला आपण सुताराचे लेणे म्हणतो, तेही आठवा. मधले लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, पलीकडे अरुंद वाट, टोकाला अर्धगोल आणि तिथे पूजास्थान. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या. त्या काही तोलत नाहीत, केवळ जुन्या लाकडी सभागृहाची आठवण ठेवतात. कुलाब्याच्या चर्चमध्ये शिरलेल्या वेरूळच्या माणसाला म्हणूनच फार चुकल्यासारखे होणार नाही.

संत थॉमस अक्वायनस सौंदर्याच्या तीन अटी सांगतात: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. पहिल्या नजरेला या चर्चमध्ये तिन्ही सापडतात. पण आम्ही पूर्णतेपाशी अडखळतो. कारण हे चर्च स्मारक आहे. सिंध आणि अफगाणिस्तानच्या १८३८ ते १८४३ च्या मोहिमांत मेलेल्यांचे. वेदीच्या भागातील भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या सैनिकांबद्दल मात्र शिलालेखात एवढेच म्हटले आहे की ते इतके जास्त होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नव्हते.

त्या युद्धाचा सर्वांत भीषण प्रसंग म्हणजे जानेवारी १८४२ मधली काबूलहून माघार. सुमारे ४,५०० सैनिक निघाले. त्यांत युरोपीय जेमतेम सातशे, बाकीचे हिंदी शिपाई. त्यांच्यामागे सुमारे १२,००० नोकरचाकर, भिस्ती, उंटवाले, बायका आणि मुले. बर्फात आणि खिंडीत जवळजवळ सगळे संपले. आणि अफगाण मेले त्यांची मोजदाद तर या भिंतीवर कोण करणार? चर्चचा अभिषेक झाला त्याच्या सहाच महिने आधी, जून १८५७ मध्ये, आपल्या छावणीतल्या घोडदळाने बंड केले होते. त्यांतल्या काहींना जिथे मारले तो काळा चबुतरा आजच्या क्रांती चौकात होता. त्यांच्यासाठी कोणी रंगीत काच मागवली नाही.

मग अशा जागी गुडघे टेकावेत का? आमचे उत्तर, टेकावेत. त्या वेदीवर साम्राज्याची नव्हे, प्रभूच्या बलिदानाचीच आठवण केली गेली आहे, आणि तो स्वतः साम्राज्याच्या सैनिकांच्या हातून मेला. पण गुडघे टेकून भिंतीवर नसलेल्यांची आठवण करावी. मिस्साविधीच्या चौथ्या आभारप्रार्थनेत ज्यांचा विश्वास फक्त देवालाच ठाऊक आहे अशा मृतांची आठवण केली जाते. ती आठवण तिथे जितकी शोभते तितकी क्वचितच कुठे शोभत असेल.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही. त्यामुळे आपले मंदिर गॉथिक नाही याची खंत नको. पुढे वेदी भिंतीपासून सुटी झाली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पू लागले, आणि मधल्या पडद्यांची गरज उरली नाही. प्युजिन हे पाहून नाराज झाला असता.

कुलाब्याला जाल तेव्हा मुलांना आधी मनोरा दाखवा, मग फरश्या, मग ती नावे वाचायला सांगा. ते चर्च चालू उपासनेचे आहे. पादत्राणांचा आवाज आणि मोबाईल दोन्ही सांभाळा. आणि नोव्हेंबरमध्ये सकल मृतांच्या दिनी आपल्या दफनभूमीत ज्या जुन्या थडग्यांवरची अक्षरे पुसली आहेत, ती कोणाची आहेत हे आठवत असेल अशा आजी-आजोबांनी आम्हाला मिस्सानंतर भेटावे. नावे आपल्या नोंदवहीत लिहून घेऊ.