पोटातील कर्करोग आणि लसिकाग्रंथी

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. हे अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी होय. पेशींभोवती झिरपलेला द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात आणि वाटेतील लहान ग्रंथींतून गाळून तो पुन्हा रक्तात सोडतात. पोटातील अवयवांचीही व्यवस्था हीच असून कर्करोग पुष्कळदा याच वाटेने पसरतो.

जठराचा कर्करोग आतील अस्तरात सुरू होतो. अस्तराखालच्या थरात लसिकावाहिन्यांचे दाट जाळे असते. रोग तेथवर पोहोचला की सुट्या झालेल्या पेशी प्रथम जठरालगतच्या ग्रंथींत व पुढे रोहिण्यांच्या कडेने महारोहिणीपर्यंत जाऊ शकतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरात मात्र अशा वाहिन्या विरळ असतात. म्हणून तेथे अस्तरापुरता मर्यादित असलेला रोग सहसा ग्रंथींपर्यंत जात नाही.

यामुळेच शल्यचिकित्सक रोगग्रस्त भागाबरोबर त्यालगतच्या ग्रंथीही काढतात. मोठ्या आतड्याच्या बाबतीत किमान १२ व जठराच्या बाबतीत किमान १६ ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जाव्यात, अशी अपेक्षा असते. मोजक्याच ग्रंथी तपासून दिलेला निर्दोष अहवाल फसवा ठरू शकतो. मोठ्या आतड्यालगतची एक ग्रंथी जरी बाधित आढळली, तरी रोग किमान तिसऱ्या अवस्थेतील समजला जातो आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा औषधोपचार द्यावे लागतात. हा अहवाल रुग्णाच्या नातेवाइकांनी जपून ठेवावा. पुढील उपचारांची दिशा त्यावरच ठरते.

पोटातील बहुतेक लसिका छातीतील मुख्य नलिकेतून वर चढून मानेच्या डाव्या पायथ्याशी रक्तात मिसळते. म्हणून डाव्या गळपट्टीच्या हाडावर आलेली टणक गाठ पोटातील कर्करोगाची खूण असू शकते. जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४८ मध्ये हा संबंध दाखवला व त्या ग्रंथीला आजही त्यांचेच नाव आहे. ही गाठ दिसेपर्यंत रोग बराच पसरलेला असतो. भूक मंदावणे, वजन घटणे, काळे शौच, शौचाच्या सवयीत बदल ही लक्षणे पुष्कळदा त्याआधीच दिसतात आणि नेमकी तीच अंगावर काढली जातात.

आपल्याकडे मानेतील गाठ म्हणजे गंडमाळ, असे गृहीत धरण्याची रीत आहे. क्षयामुळे अशी गाठ येते, हे खरेच. परंतु सुईने नमुना घेऊन तपासणी न करता केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केल्यास मोलाचे महिने वाया जातात. उलट, सोनोग्राफीत पोटातील ग्रंथी मोठ्या दिसल्या म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. क्षय किंवा साधा जंतुसंसर्ग यांमुळेही त्या सुजतात, तर कर्करोग असलेली ग्रंथी कधी आकाराने अगदी लहानही असते.