खंडाळ्यात चैत्रातलं लग्न
प्रश्न : मुलीचं लग्न चैत्रात, खंडाळ्याला दरीकाठच्या बंगल्यात करायचं ठरतंय. निम्मं वऱ्हाड मुंबईचं, निम्मं पुण्याचं. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जागा छान निवडलीत. पण तारीख ठरवताना मुहूर्ताइतकाच बोरघाटही पाहा. शनिवार-रविवारी आणि जोडसुट्ट्यांना घाटात वाहनं अडकून पडतात; मधल्या वारचा मुहूर्त घ्या. मुंबई-पुणे मार्गावरच्या बऱ्याच गाड्या लोणावळ्याला थांबतात. वडीलधाऱ्यांना रेल्वेनं आणा आणि पुढच्या सुमारे चार किलोमीटरसाठी स्थानकावर वाहनं ठेवा.

खंडाळा थंड हवेचं ठिकाण असलं, तरी चैत्रात दुपारचं ऊन चांगलंच तापतं. लग्न सकाळी लवकर किंवा गोरज मुहूर्तावर लावा. दरीकाठी वारा जोरात सुटतो. मांडव पक्का बांधून घ्या. तारीख वैशाखात गेली, तर वळवाच्या सरींसाठी छताखालची जागा हाताशी हवी. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, हे वाजंत्रीवाल्यांना आधीच सांगा.

एक कळकळीची विनंती : या दिवसांत डोंगरावरचं गवत खडखडीत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीनं वणवा पेटतो. फटाके आणि आकाशात सोडायचे कागदी दिवे कृपया टाळा.