मुक्त सॉफ्टवेअर : त्याचा उगम व नित्याच्या कामांतील उपयोग

मोफत आणि मुक्त हे दोन शब्द मराठींत निराळे आहेत, ही आपल्या भाषेची मोठीच सोय होय. इंग्रजींत ह्या दोन्ही अर्थांस एकच शब्द असल्यामुळें तिकडील लेखकांस प्रत्येक वेळीं खुलासा करीत बसावें लागतें. मोबाईलवर मिळणारीं पुष्कळ ॲप मोफत असतात. परंतु त्यांच्या पोटांत काय चाललें आहे, आपली कोणती माहिती तीं कोणाकडे धाडीत आहेत, हें पाहण्याची सोय घेणाऱ्यास नसते. म्हणजे तीं मोफत असलीं तरी मुक्त नव्हेत. उलटपक्षीं, मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनहि विकतां येतें, आणि विकलें तरी तें मुक्तच राहतें. ह्या दुसऱ्या जातीचें सॉफ्टवेअर कोठून आलें, आणि घरांत, शाळेंत व धंद्यांत त्याचा उपयोग कसा करावा, ह्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणक हें यंत्र स्वतः होऊन कांहींच करीत नाहीं. त्याच्याकडून जें काम करून घ्यावयाचें तें पायरीपायरीनें लिहून द्यावें लागतें, आणि अशा लिहिलेल्या आज्ञांच्या समूहास सॉफ्टवेअर म्हणतात. मनुष्य ह्या आज्ञा प्रथम ज्या रूपांत लिहितो तें रूप दुसऱ्या जाणत्या मनुष्यास वाचतां येतें. त्यास आपण मूळ संहिता म्हणूं. पुढें तिचें रूपांतर शून्य व एक ह्या दोन अंकांच्या लांबच लांब रांगांत होतें. हें दुसरें रूप यंत्रास समजतें. मनुष्यानें त्याचा अर्थ लावणें अत्यंत कष्टाचें असतें. बाजारांत विकलें जाणारें बहुतेक सॉफ्टवेअर ह्या दुसऱ्या रूपांतच हातीं पडतें, आणि सोबतच्या करारांत त्याच्या प्रती वांटण्याची व तें उकलून पाहण्याची बहुधा मनाई असते. विहिरीवर बसविलेल्या पंपाचें झाकण कारखानदारानें डाख देऊन बंद केलें आहे, आणि गांवच्या मिस्त्रीस तें उघडण्याची मनाई आहे, अशी कल्पना करा. पंप चालतो तोंवर ह्याचें कोणास कांहींच वाटणार नाहीं. पण तो बंद पडला, आणि कारखानदारानें त्या जातीचे पंप करणेंच सोडून दिलें असलें, म्हणजे उभ्या पिकाचें काय होईल? मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचें झाकण साध्या स्क्रूंनीं बसविलें आहे आणि ज्याचा नकाशा गिऱ्हाइकाच्या हातीं दिला आहे असा पंप. गिऱ्हाइकास स्वतः दुरुस्ती येत नसेल. पण ज्यास येते त्या मिस्त्रीस तो बोलावूं शकतो.

ही चळवळ एका छापयंत्रावरून निघाली असें म्हटलें तरी चालेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचे तरुण गृहस्थ काम करीत असत. तेथील जुन्या छापयंत्रांत कागद अडकला म्हणजे वाट पाहत बसलेल्या सर्वांच्या पडद्यावर तशी सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनीं त्याच्या सॉफ्टवेअरमध्यें केली होती. पुढें नवें, अधिक वेगाचें यंत्र आलें. कागद त्यांतहि अडके. परंतु त्याची मूळ संहिता कोणी देईना. ती ज्यांच्यापाशीं होती अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका गृहस्थांस स्टॉलमन जाऊन भेटले, तेव्हां ती कोणासहि न देण्याचें वचन आपण देऊन बसलों आहों, असें त्यांनीं सांगितलें. शेजाऱ्यास मदत न करण्याचें वचन मनुष्यानें आगाऊ लिहून द्यावें, ही गोष्ट स्टॉलमन ह्यांच्या मनास फार लागली. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ ह्या नांवाची, सर्वस्वीं मुक्त अशी संगणकव्यवस्था लिहून काढण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फौंडेशन ही संस्था स्थापिली.

मुक्त कोणास म्हणावें हें ठरविण्यासाठीं त्यांनीं चार हक्क सांगितले आहेत, आणि संगणकवाल्यांच्या रीतीप्रमाणें त्यांची गणना एकापासून नव्हे तर शून्यापासून केली आहे! सॉफ्टवेअर कोणत्याहि कामासाठीं चालवावें. त्याची मूळ संहिता अभ्यासावी व आपल्या गरजेप्रमाणें बदलावी. त्याच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या. आणि आपण केलेल्या सुधारणाहि दुसऱ्यांस द्याव्या. हे हक्क टिकावे कसे, ही खरी अडचण होती. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनरल पब्लिक लायसन्स ह्या परवान्यानें ती मोठ्या खुबीनें सोडविली. लेखकाचा हक्क राखणारा जो कायदा, त्याचाच आधार घेऊन त्यांत अशी अट घातली कीं, हें सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्यास देणाऱ्यानें आपणांस मिळालेले सर्व हक्क त्या दुसऱ्यासहि दिले पाहिजेत. इतर कांहीं परवाने ह्याहून सैल आहेत, आणि १९९८ पासून ‘ओपन सोर्स’ हें दुसरें नांवहि रूढ झालें आहे. तूर्त त्या भेदांत शिरण्याचें कारण नाहीं.

ऑगस्ट १९९१ मध्यें फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण छंदाखातर एक छोटीशी संगणकव्यवस्था लिहीत असल्याचें इतरांस कळविलें. ती ग्नूसारखी मोठी होणार नाहीं, असाच त्याचा समज होता. पुढच्या वर्षीं त्यानें ती वरील परवान्याखालीं आणिली, आणि देशोदेशींच्या हजारों लोकांनीं तिच्यांत भर घातली. हीच लिनक्स होय. अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्याशीं तीच आहे. म्हणजे लिनक्सचें नांवहि न ऐकलेले आमचे पुष्कळ वाचक ती दिवसभर खिशांत घेऊन हिंडत असतात. जगांतील अतिवेगवान अशा पांचशें महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोन वेळां निघते, तींतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं पावसाचे अंदाज बांधण्यासाठीं बसविलेला ‘प्रत्यूष’ हा महासंगणकहि ह्याच कुळांतला.

आतां नित्याच्या कामाकडे वळूं. पत्रें, हिशेब व तक्ते ह्यांसाठीं लिब्रेऑफिस हें सॉफ्टवेअर आहे, आणि त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. तें मुळांत एका जर्मन कंपनीचें. १९९९ सालीं अमेरिकेंतील सन कंपनीनें तें विकत घेतलें व २००० सालीं त्याची मूळ संहिता खुली केली. २०१० सालीं सन कंपनीच ओरॅकल कंपनीच्या ताब्यांत गेली, आणि नवे मालक ह्या कामाकडे कितपत लक्ष पुरवितील अशी शंका तें लिहिणाऱ्यांस आली. त्यांनीं काय करावें? त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते मूळ संहिता घेऊन बाहेर पडले, लिब्रेऑफिस असें नवें नांव त्यांनीं तिला दिलें, आणि काम पुढें चालविलें. धनी बदलला, पण पंप बंद पडला नाहीं. गाणीं व चित्रपट लावण्यासाठीं व्हीएलसी आहे. पॅरिसच्या एका कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं तें १९९६ सालीं आरंभिलें, व रस्त्यावरचा नारिंगी शंकु ही त्याची खूण आहे. चित्रांसाठीं गिंप व इंकस्केप, इंटरनेटवर वावरण्यासाठीं फायरफॉक्स, ध्वनिमुद्रणासाठीं ऑडॅसिटी हीं आहेत. स्टेलॅरियम नांवाचें सॉफ्टवेअर तर आमच्या भूगोलाच्या वर्गांत मुलांचें फारच लाडकें आहे. आपल्या गांवावरचें आज रात्रीचें आकाश तें पडद्यावर दाखवितें.

मराठीवाल्यांनीं ह्या विषयाकडे लक्ष द्यावें ह्याचें एक विशेष कारण आहे. ह्या वार्षिकाचे कांहीं जुने अंक ज्या छापखान्यांत जुळविले गेले, तेथें त्या काळीं प्रचलित असलेलें एक विकतचें सॉफ्टवेअर व त्याचा स्वतःचा फाँट वापरीत असत. ते अंक आज संगणकावर उघडावे तों रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक खिचडी दिसते. कारण असें कीं, त्या फाँटमध्यें देवनागरी अक्षरांचीं चित्रें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आंत नोंद भलत्याच अक्षराची होई, आणि कोणतें अक्षर कोणत्या जागीं हें प्रत्येक कंपनी आपापल्या मनाप्रमाणें ठरवी. फाँट गेला कीं मजकूर गेला. शाळेच्या इतिहासाची, निवर्तलेल्या शिक्षकांवरील लेखांची ही गत पाहून आम्हांस फार वाईट वाटलें. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड ह्या खुल्या प्रमाणांत मात्र प्रत्येक अक्षरास सर्व जगांत एकच क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. तो कोणा एका कंपनीच्या खुषीवर अवलंबून नाहीं. मुंबईच्या एक टाईप ह्या मंडळींनीं केलेला ‘मुक्त’ नांवाचा सुबक फाँट खुल्या परवान्यानें मिळतो, व आमचा मराठी विभाग त्यांतच जुळविला आहे. जुन्या अंकांचीं छापील पानें होतीं म्हणून निभावलें. टेसरॅक्ट नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर छापील पानाचें छायाचित्र पाहून त्यांतील मराठी मजकूर ओळखतें. आमच्या नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं तीं पानें त्यास दाखविलीं आणि मग ओळीनओळ तपासली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ह्यांची गफलत तें वरचेवर करी, व रफार कोठें आहे हें ठरवितांना त्याची फजितीच होई. तपासणाऱ्यांचें शुद्धलेखन मात्र ह्या निमित्तानें पुष्कळ सुधारलें.

पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. नवा संगणक घेतांना दुकानदार कित्येकदां महागडीं सॉफ्टवेअरें विनापरवाना भरून देतो, आणि आपण तें सवलत समजून घेतों. ती सवलत नव्हे, ती चोरी होय. शिवाय अशा प्रतींबरोबर घातक सॉफ्टवेअरहि घरांत शिरण्याचें भय असतें. परीक्षेंत नक्कल करूं नये असें ज्या मुलास आपण सांगतों, त्याचा पहिला निबंध अशा प्रतीवर टंकिला जावा, हें बरें दिसत नाहीं. ज्यास विकतची प्रत परवडते त्यानें ती खुशाल विकत घ्यावी. ज्यास परवडत नाहीं त्याच्यासाठीं प्रामाणिक मार्ग आतां मोकळा आहे.

मुक्त सॉफ्टवेअरमध्यें दोष शिरतच नाहींत, असें कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवूं नये. फाईली दाबून लहान करणारें एक्स-झेड नांवाचें सॉफ्टवेअर लिनक्सच्या असंख्य संगणकांत वापरलें जातें, आणि त्याची देखभाल अनेक वर्षें बहुतांशीं एकच स्वयंसेवक करीत असे. टोपणनांवानें वावरणाऱ्या कोणा एकानें सुमारें दोन वर्षें सालसपणें मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, कारभार हातीं घेतला, आणि २०२४ च्या आरंभीं आंत एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास दुसरेंच कांहीं मोजीत असतां असें आढळलें कीं, दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर ओलांडून पुढें गेला असता. त्यांनीं मागोवा घेतला, आणि सगळें तपासण्याजोगें खुलें असल्यामुळें उगमापर्यंत पोहोंचून २९ मार्च २०२४ रोजीं ही गोष्ट जगापुढें मांडली. बहुतेक संगणकांपर्यंत तें विष पोहोंचण्यापूर्वींच तें काढून टाकण्यांत आलें. झाकण उघडें असल्यानें चोर शिरला कीं चोर सांपडला, ह्याविषयीं वर्गांत आमचा मोठा वाद झाला; आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें, पण एकट्या मनुष्यावर एवढा भार टाकून त्याचें फळ फुकट खाणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनीं ह्यांतून कांहीं बोध घ्यावा असेंहि आम्हांस वाटतें.

व्यवहारांतील अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. कांहीं छापखाने विशिष्ट विकतच्या सॉफ्टवेअरमधीलच फाईल मागतात. कांहीं छापयंत्रें लिनक्सला दाद देत नाहींत. ज्या कचेरींत नोकरी करावयाची तेथें जें चालतें तेंच शिकावें लागतें. म्हणून एकदम सर्व बदलण्याच्या भरीस पडूं नये. आहे त्या विंडोजवरच प्रथम फायरफॉक्स, व्हीएलसी व लिब्रेऑफिस घ्यावें, आणि तें त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावें. महत्त्वाचे कागद ओडीटी ह्या प्रकारांत जपून ठेवावे. त्याचें प्रमाण २००६ पासून आंतरराष्ट्रीय झालें आहे. संपूर्ण लिनक्सवर शिक्षण चालूं शकतें कीं नाहीं अशी शंका असल्यास केरळाकडे पाहावें; तेथील सरकारनें २००१ सालीं आरंभिलेल्या शालेय संगणकशिक्षणाच्या योजनेंत पुढें मुक्त सॉफ्टवेअरचाच अवलंब केला.

पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षांचा जुना संगणक कोपऱ्यांत पडून आहे. विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि विंडोज ११ अशा यंत्रांवर बहुधा चढत नाहीं. रद्दीच्या भावानें तो विकण्यापूर्वीं मे महिन्याच्या सुटींत ८ जीबीच्या पेन-ड्राइव्हवर लिनक्स मिंट घालून पाहावें; संगणकांतील कांहींहि न पुसतां तें पेन-ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतें. पुढें तें कायमचें बसवावयाचें ठरलें, तर आधीं घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें ह्यांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. आवाज, वाय-फाय, छापयंत्र व मराठी टंकलेखन हीं चालतात कीं नाहींत हें एकेक करून तपासावें, जें चालत नसेल त्याची यंत्राच्या नांवासह चिठ्ठीवर नोंद करावी, आणि ती चिठ्ठी जून महिन्यांत शाळा उघडतांच आमच्याकडे आणून द्यावी.