एका निकालावरून जिंकण्याची खात्री धरावी का?

प्रश्न : गावाकडची जमीन विकली. सातबाऱ्यावर ती शेतजमीन आहे, तरी भांडवली नफ्यावर कर लावला आहे. अशाच प्रकरणात करदात्याच्या बाजूने लागलेला एक निकाल सापडला. मग मी जिंकणारच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका, पण एकाच निकालावर विसंबूही नका. सातबारा महत्त्वाचा पुरावा असला तरी निर्णायक नसतो. सरिफाबीबी प्रकरणात (१९९३) महसुली नोंद शेतीची असूनही सर्वोच्च न्यायालयाने जमीन बिगरशेती मानली. ती सुरत नगरपालिकेच्या हद्दीत होती, विक्रीपूर्वी चार वर्षे पडीक होती आणि गृहनिर्माण संस्थेला विकली गेली होती.

बाजूचे आणि विरोधातले, दोन्ही निकाल घेऊन तक्ता करा : पीक, ठिकाण, खरेदीदार, दर, बिगरशेती परवानगी. तुमची वस्तुस्थिती कोणत्या निकालांशी अधिक जुळते ते पाहा. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या आयकर अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. इतर उच्च न्यायालयांचे निकाल मार्गदर्शक ठरतात. यातून शक्यता कळते, हमी मिळत नाही.

पीकपाहणीचे उतारे, बियाणे-खतांच्या पावत्या जमवा. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करा. पुरावा भक्कम असेल तर तुमची बाजूही भक्कम आहे.